गाण्याची वाटणी

हळद शिजायला लागली की आमच्या शिरड शहापूरच्या शिवारात दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांनासुद्धा वास लागतो. गोड म्हणावा तर गोड नाही, तिखट तर मुळीच नाही. ओल्या बारदानाखाली काहीतरी उकळतं आहे आणि ते औषध आहे की जेवण हे अजून ठरायचं आहे, असा काहीसा तो वास. हिंगोलीहून माहेरी येताना मी एसटीची खिडकी उघडी ठेवते, आणि औंढा मागं पडलं की कुठल्यातरी वळणावर तो आत येतो. यंदाही आला. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला आणि "काय जळून राहिलं हो?" असं मलाच विचारलं. शिरडचा फाटा येईपर्यंत मी तिच्यावर मनातल्या मनात चिडून होते.

त्या वासामागोमाग मला व्हायोलिनं ऐकू येतात. एक-दोन नाहीत, चांगली तीस-चाळीस, एकदम. हळदीचा आणि व्हायोलिनचा काय संबंध, असं माझ्या सासरच्या माणसांनी विचारून झालं आहे. शाळेत मी विज्ञान शिकवते, त्यामुळं असलं काही बोलले की लोकांना जास्तच गंमत वाटते. पण संबंध आहे. तो एका हंगामात जुळला आणि मग सुटला नाही.

मी बारावीला होते. परीक्षा आणि हळद आमच्याकडं एकदमच येतात, आणि घरात दोन्हीपैकी हळदीला मान जास्त. अभ्यासाला जागा हवी आणि खळ्यावर लक्ष ठेवायला माणूस हवं, म्हणून आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खळ्याच्या बरोबर मधोमध असलेल्या लिंबाखाली बाज टाकून दिली आणि म्हणाले, "बस हितं. वाच. आन् कुत्रं आलं तर हाकल." माझ्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकाची पानं त्या वर्षी पिवळी झाली ती जुनेपणानं नव्हे.

खळ्याच्या वरच्या अंगाला चुलवाण होतं आणि त्यावर भलीमोठी कढई. तिथं आप्पा आणि तीन गडी. कढईत हळकुंडं, त्यावर हळदीचाच पाला, त्यावर ओलं बारदान, खाली पऱ्हाट्यांचा जाळ. फेस वर आला की आप्पा एखादं हळकुंड काढून त्यात तुराटीची काडी खुपसून बघायचे. काडी आरपार गेली की "उतरवा" म्हणायचे. खालच्या अंगाला सारवलेली जमीन होती. शिजलेली हळद तिथं पसरायची, हलवायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची. ते काम जवळच्या बंजारा तांड्यावरच्या बायका करत, आणि त्यांची म्होरकी कमलाबाई. दोन्ही अंगांच्या मध्ये साठ-सत्तर पावलं अंतर, आणि त्या अंतरात मी.

खालच्या अंगालाच, गोणपाटाच्या सावलीत, यूनुसचाचा बसायचे. औंढ्याला देवळाच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं दुकान. बादल्या, पेट्या, धान्याच्या कोठ्या करायचे. हळदीच्या दिवसांत मात्र आठ-दहा दिवस आमच्याकडं यायचे, कारण कढईला कुठंतरी भोक पडलेलं असायचं आणि वाळलेली हळद घोळायचा तो मोठा गोल ढोल दर वर्षी कुठंतरी उसवायचा. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांनी गाणीही आणली. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात कॅसेटचा डेक, आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलेले दोन लाकडी स्पीकर, असं ते खळ्यावर उतरले. त्यांची आणि आप्पांची दोस्ती मला आठवतं तेव्हापासूनची. भांडणही तेव्हापासूनचंच असावं.

आता खळ्यावरचा एक रिवाज सांगायला हवा. वरच्या अंगाला जे मिळेल ते खालच्या अंगाला मिळालंच पाहिजे. गुळाचा चहा आला तर दोन किटल्या यायच्या. माठ दोन. कांदे मोजून. कधीकाळी माझ्या आजोबांच्या वेळी वरच्यांना ताक मिळालं आणि खालच्यांना मिळालं नाही, त्यावरून पसरलेली हळद तशीच टाकून बायका उठून गेल्या होत्या म्हणे. तेव्हापासून आप्पा वाटणीच्या बाबतीत फार काटेकोर. त्यामुळं चाचांनी पहिल्या दिवशी दोन्ही स्पीकर स्वतःजवळ मांडून गाणी लावली, तेव्हा वरचे गडी लगेच कुरकुरले. त्यांच्या कानी जाळाच्या आवाजातून नुसती गुणगुण येत होती.

आप्पा खाली आले. "यूनुसभाई, गाणं सगळ्यायचं हाय. वाटणी बराबर करा."

"करतो ना," चाचा म्हणाले. त्यांनी वायरीला वायर जोडली, डेक आणून माझ्या बाजेशेजारी ठेवला, एक स्पीकर वर कढईजवळच्या खांबाला टांगला आणि दुसरा खाली गोणपाटाच्या सावलीत. "घ्या. आधा तुमचा, आधा आमचा." विहिरीवरच्या मोटारीच्या डब्यातून लाइट घेतली आणि कॅसेट उलटी करायचं काम माझ्याकडं आलं. सगळे खूश झाले. इतकी चोख वाटणी खळ्यावर कशाचीच झाली नव्हती.

कॅसेटमध्ये दहा-बारा गाणी होती, पण भांडण एकाच गाण्यावरून व्हायचं. त्या गाण्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की लोक लगेच आपापली बाजू घेतात आणि पुढचं ऐकत नाहीत. सिनेमातलं जुनं गाणं, तेव्हाही जुनंच होतं. सुरुवातीलाच व्हायोलिनं उठतात, ज्वारीवरून पाखरांचा थवा उठावा तशी. त्यांच्या पोटात एक गिटार चालू असते. मग दोन ट्रंपेट, मग नुसतं 'आ' म्हणणाऱ्या मुलींचा घोळका, मग कसलेसे छोटे ढोल, आणि एवढं सगळं मांडून झाल्यावर गाणारा येतो. तो आला तरी कुणी जागा सोडत नाही. त्याच्या प्रत्येक ओळीमागं कुणीतरी काहीतरी बोलतच राहतं. आणि दुसऱ्या कडव्याच्या आधी अचानक सगळं थांबतं. पूर्ण शांत. त्या शांततेत एक बारीक घंटी एकदाच वाजते. मग सगळे पुन्हा तुटून पडतात.

चाचांचा जीव त्या घंटीवर. ती जवळ आली की ते हातोडी हवेतच थांबवायचे, दुसऱ्या हाताचं बोट वर करायचे, आणि घंटी वाजली की बोट हळूच खाली आणायचे. "सुना? एक माणूस सकाळपासून तितं बसला असंल. शंभर लोकायमधी. काम काय, तर ही एक घंटी एकदा वाजवायची. आन् त्यानं बराबर वाजवली."

"बसून खायचं काम," आप्पा म्हणायचे. "आन् घंटी कुठं हाय? मला तर काय ऐकू आली न्हाई."

आप्पा एकादशीला भजनात टाळ धरणारे. एक पेटी, एक मृदंग, आणि मध्ये माणसाचा गळा, एवढ्यात त्यांचं सगळं भागायचं. जेवायची सुट्टी झाली की सगळे लिंबाखाली यायचे आणि भाकरीबरोबर हे भांडण सुटायचं.

"गाणारा बिचारा जीव तोडून गाऊन राहिला," आप्पा म्हणायचे, "आन् तुमची ही सगळी वरात त्याच्या अंगावर. त्याला बोलू द्या की जरा."

"दत्तराव, दूल्हा अकेला चांगला दिसतो का? वरात नको?" चाचा आप्पांना विचारायचे.

"वरात दारापर्यंत ठीक हाय. बोहल्यावर कशाला चढते?"

सगळे हसायचे. चाचा सुद्धा. मग ते घास हातात धरून समजावू लागायचे. दुःख झालं की ते काय एका सुरात होतं का, असं ते विचारायचे. घरात मयत झाली तर एक जण रडतो, एक चूल पेटवतो, एक पोरगं बाहेर खेळत असतं, कोंबडीसुद्धा फिरत असते. हे सगळं मिळून ते दुःख असतं. या गाणं करणाऱ्यानं कोंबडीसकट सगळं घेतलं आहे. आप्पा म्हणायचे, रडणाऱ्याला रडू द्यावं, कोंबडीचं काय काम.

कमलाबाईचं तिसरंच मत. "इतकी माणसं एका गाण्याला? त्यायला जेवू कोण घालत असंल?" होळी जवळ आली होती आणि तांड्यावर रोज लेंगीची गाणी चालू होती. एक डफ, एक थाळी आणि फेर धरलेल्या बाया. "आमाला डफ पुरतो," ती म्हणाली. "पर हे बी असू द्या. हे वाजून राहिलं की ऊन लागत न्हाई." इतकी सरळ तारीफ त्या गाण्याची पुढं मी कुणाच्याच तोंडून ऐकली नाही, आणि नंतर मी बरंच काही ऐकलं आहे.

मला मात्र एक कळत नव्हतं. हे दोघं एकाच गाण्याबद्दल बोलत आहेत असं वाटायचं नाही. आप्पा म्हणायचे, त्यात ताल कुठं आहे, नुसता वारा वाहतो. चाचा म्हणायचे, ताल नाही म्हणता, कान साफ करून या. मी मधे बसून सगळं ऐकत होते. वाराही होता, तालही होता, घंटीही होती. मला वाटायचं, मोठी माणसं भांडायचं म्हणून भांडतात.

एक दिवस कॅसेट उलटी करून मी वर चहाची किटली घेऊन गेले. आप्पांच्या हातात पेला देत होते आणि ते गाणं लागलं. व्हायोलिनं उठली. मुली 'आ' म्हणाल्या. गाणारा आला. पण गिटार नव्हती. ट्रंपेट नव्हते. ढोल नव्हते. दुसऱ्या कडव्याच्या आधी सगळं थांबलं, आणि थांबलेलंच राहिलं. घंटी वाजलीच नाही. मला वाटलं कॅसेट बिघडली. मी किटली तिथंच ठेवून खाली पळत गेले, तर खाली ट्रंपेट होते, ढोल होते, गिटार होती, गाणारा होता आणि व्हायोलिनं पार गायब. चाचा तल्लीन होऊन मान डोलवत होते, आणि त्यांचा हात हवेत जे करत होता ते व्हायोलिनचंच होतं.

हे पुस्तकातलं नव्हतं, पण पुस्तक माझ्या बाजेवरच पडलं होतं, आणि मला कळलं. स्टिरिओ गाण्यात काही वाद्यं डाव्या स्पीकरमधून येतात, काही उजव्या. आमच्या काटेकोर आप्पांनी गाण्याचीच वाटणी करून टाकली होती. अर्धे वादक वर, अर्धे खाली, आणि गाणारा तेवढा दोन्हीकडं सारखा. आप्पांनी ते गाणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं तेच अर्धं. अर्ध्यालाच ते गर्दी म्हणत होते. चाचांना मात्र गाणं इतकं पाठ होतं की अर्धं वाजलं तरी त्यांना पूर्ण ऐकू येत होतं आणि काही कमी आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. याची मला तेव्हा गंमत वाटली होती. आता तेवढी वाटत नाही.

जेवताना मी सगळं सांगितलं. चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आप्पा हसले नाहीत. "वाटणी चुकली म्हन्तीस?"

"चुकली न्हाई आप्पा, जास्तच बराबर झाली."

दोन्ही स्पीकर मधे आणावेत असं ठरायला लागलं, तर कमलाबाई उभी राहिली. "मंग आमच्या वाट्याला काय? इतं खालपर्यंत काय ऐकू येतंय?" वरचे गडीही तेच म्हणाले. बराच वेळ घोळ चालला, आणि अखेर आप्पांनी निकाल दिला तो विहिरीच्या पाण्याचा असतो तसा. पाळी लावायची. आज वरच्यांना व्हायोलिनं तर उद्या वरच्यांना ट्रंपेट. रोज सकाळी चाचा डेकच्या मागच्या दोन वायरींची अदलाबदल करायचे आणि ट्रंपेटची पाळी वर असली की मोठ्यानं सांगायचे, "आज बाजा ऊपर!" बायका ओरडायच्या, "काल बी वरच व्हता!" मग वायरी तपासल्या जायच्या. एवढं मोठं गाणं करणाऱ्या त्या माणसाला, तो कुणी का असेना, आपल्या वादकांची अशी पाळी लागेल हे स्वप्नातसुद्धा आलं नसेल.

पाळीनं भांडण मिटेल असं मला वाटलं होतं. ते जास्त पेटलं, कारण आप्पांच्या हाती पुरावा आला. "काल व्हायोलिनं व्हती, आज न्हाईत. तरी गाणं गाणंच राह्यलं का न्हाई? मंग काढून टाका ना अर्धी माणसं."

चाचा म्हणाले, "मंग सकाळधरनं चार बार काहून इचारून राहिले, व्हायोलिनायची पाळी कवा हाय म्हणून?"

आप्पांनी मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडला. पण घंटीच्या बाबतीत ते शेवटपर्यंत हटले नाहीत. ट्रंपेटच्या दिवशी घंटी वरच वाजायची, त्यांच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून. मी मुद्दाम जाऊन उभी राहायचे. घंटी वाजायची, आप्पांचा हात कढईच्या काठावर क्षणभर थांबायचा, आणि ते म्हणायचे, "घंटी? न्हाई बा. जाळाचा आवाज असंल." खालून चाचांचं वर गेलेलं बोट दिसत असायचं. सगळा हंगाम असा गेला. पुढचे हंगामही. मी बारावी झाले, लग्न होऊन हिंगोलीला गेले, कॅसेट जाऊन काय काय आलं, तरी दोघं भेटले की विषय हाच. "घंटी हाय." "न्हाई." त्यांच्यात रामराम-सलाम म्हणून हेच चालायचं.

माझी मुलगी ऋतुजा पुण्यात ध्वनिमुद्रणाचं शिकते, त्यामुळं माझ्या घरातही आता हे भांडण आहे. तिच्या वर्गात या जुन्या भरगच्च गाण्यांवरून दोन तट आहेत म्हणे. एक म्हणतो, सगळं एकावर एक इतकं रचलेलं आहे की श्वास घ्यायला जागा नाही. सगळ्या वाद्यांनी मिळून एक चिखल होतो आणि गाणारा त्यातून पाय उचलत चालतो. दुसरा म्हणतो, तो चिखल नव्हेच, तेव्हा एका खोलीत सत्तर-ऐंशी माणसं एकत्र वाजवत, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये सांडायचा, आणि ते सांडणंच सुंदर आहे. ऋतुजा दर महिन्याला तट बदलते. मी आप्पांची मुलगी असूनही चाचांच्या तटातली आहे आणि तिथून हलायची नाही. मला भरलेलं गाणं आवडतं. दहाव्यांदा ऐकताना एखादी बासरी सापडावी आणि 'अगं, तू इथंच होतीस का' असं वाटावं, हे मला फार आवडतं. ज्यानं ती तिथं ठेवली त्याला माहीत असणार की पहिल्या नऊ वेळा कुणी तिच्याकडं बघणार नाही. तरी त्यानं ठेवली. अशा माणसाबद्दल मला आदर वाटतो, आणि तो वाटतो म्हणून सांगायला मला लाजही वाटत नाही. आप्पांच्या बाजूलाही तथ्य आहे हे मी मान्य करते, पण हळू आवाजात.

आता यंदाचं. चुलवाण कधीच गेलं. भाड्यानं कुकर येतो, वाफेवर चटकन हळद शिजवतो आणि पुढच्या शेतात निघून जातो. पसरायला ताडपत्र्या आल्या. कमलाबाईची सून आता बायका घेऊन येते. पण लिंब आहे, बाज आहे, आणि हंगामात दोन-चार दिवस यूनुसचाचा अजून येतात. काम नसतं. नातू मोटारसायकलवरून सोडून जातो आणि संध्याकाळी घेऊन जातो.

चाचांचे कान गेले आहेत. जन्मभर पत्रा ठोकला त्याचा हिशेब कानांनी चुकता केला, असं ते स्वतःच म्हणायचे, हसत. आता तसं म्हणत नाहीत. कानात मशीन बसवलं आहे. जवळून, सावकाश बोललं तर माणसाचं बोलणं कळतं. पण गाणं लावलं की मशीनच्या आत नुसता कालवा होतो. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाटतं म्हणाले. व्हायोलिन कुठलं आणि ट्रंपेट कुठला, काही उमगत नाही. जितकं भरलेलं गाणं तितका मोठा कालवा. घरी त्यांनी सगळ्या कॅसेट एका पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकली आहे. हे त्यांच्या नातवानं मला सांगितलं. चाचांनी सांगितलं नाही. मागच्या वर्षीपासून त्यांनी आप्पांशी घंटीचा विषयसुद्धा काढला नव्हता, आणि आप्पांना जेवण गोड लागत नव्हतं हे मला माय म्हणाली.

ऋतुजा यंदा माझ्याबरोबर आली होती. सगळं ऐकून तिनं फोनवर काहीतरी केलं. आता असं यंत्र निघालं आहे की ते तयार गाण्यातून वाद्यं वेगळी आणि गळा वेगळा काढून देतं. तिनं त्या गाण्यातला नुसता गळा काढला, आणि दुपारी लिंबाखाली फोन चाचांच्या मशीनला कसातरी जोडून दिला. चाचा बाजेवर बसले होते, आप्पा समोर खुर्चीवर. चाचांचा चेहरा बघता बघता उघडला. शब्द कळत होते. दोन वर्षांनी पहिल्यांदा त्यांना तो गाणारा ऐकू येत होता. त्यांनी अर्धं कडवं ऐकलं, आणि मग चेहरा पुन्हा मिटला.

"अच्छा है बेटी," ते म्हणाले. "बहुत मेहनत केली तू. आवाज आला. पर..." त्यांनी आजूबाजूला हात फिरवला. "अकेला उभा हाय बिचारा. बाकी लोक कुठं गेले?"

ऋतुजाचे डोळे भरले. मी आप्पांकडं पाहिलं. जे त्यांनी जन्मभर मागितलं होतं ते हेच. गाणाऱ्याला मोकळं सोडलेलं, वरात हाकलून दिलेली. आता ते म्हणतील 'मी म्हणलो नव्हतो का', आणि म्हणाले तर मी त्यांना कधी माफ करणार नाही, असं मला वाटलं.

"पुन्ना लाव," आप्पा म्हणाले. "पयल्यापासून. आन् मलाबी ऐकू येईल असं लाव."

त्यांनी खुर्ची ओढून चाचांच्या अगदी समोर घेतली, गुडघ्याला गुडघा. गाणं सुरू झालं. गळा यायच्या आधी तिथं आता नुसती शांतता होती. आप्पांनी डावा हात वर उचलला आणि चाचांच्या कानाशी तोंड नेऊन सावकाश म्हणाले, "व्हायोलिनं उठली. डाव्या अंगानं." हात वर गेला, वळला, खाली आला, बरोबर जिथं यायचा तिथं. "आता गिटार. बारीक." उजव्या हाताची बोटं मांडीवर चालू लागली. "ट्रंपेट. दोन. पयला लांब, दुसरा त्याच्यामागून." मग त्यांनी, माझ्या त्या टाळकरी बापानं, ऐंशीच्या घरात आलेल्या त्या हट्टी माणसानं, मुलींच्या जागी तोंड उघडून 'आ' केलं.

मी तिथं उभी राहून थक्क झाले. ते कुठंच चुकले नाहीत. पाळीपाळीनं, एक दिवसाआड, अर्धं अर्धं करून त्यांनी ते गाणं असं शिकून ठेवलं होतं की प्रत्येक माणूस त्यांना वेगळा ओळखीचा होता. गर्दी म्हणून ज्यांना नावं ठेवली त्यातल्या एकेकाची त्यांना जागा माहीत होती. पूर्ण गाणं ऐकणाऱ्या माझ्यासारखीला हे जमलं नसतं. गाणारा आला तेव्हा आप्पांचे दोन्ही हात चालू होते, आणि चाचा डोळे मिटून मान डोलवत होते, गोणपाटाच्या सावलीत डोलवायचे तशीच. ताडपत्रीवरच्या बायका फावडी टेकून बघत राहिल्या.

पहिलं कडवं संपलं. आप्पांनी दोन्ही हात एकदम थांबवले. चाचांचं बोट वर गेलं होतं, आपोआप, डोळे मिटलेलेच. आप्पांनी बाजेवरचा चहाचा स्टीलचा पेला उचलला, चमचा घेतला, चाचांच्या कानाजवळ नेला, आणि एकदाच वाजवला.

बोट हळूच खाली आलं.

गाणं पुढं चालू राहिलं, पण आप्पांनी आता कुणालाच आत आणलं नाही. पेला हातात धरून ते म्हणाले, "व्हती, यूनुसभाई. घंटी व्हती."

चाचांनी डोळे उघडले. त्यांनी कानातलं मशीन चाचपलं, कानामागं हात धरला आणि पुढं झुकले. "क्या बोले?"

"घंटी व्हती म्हन्लो."

"जरा जोर से बोलो, दत्तराव. मशीन ठीक न्हाई."

मग आप्पांनी ते असं ओरडून सांगितलं की खालच्या ताडपत्रीवरच्या शेवटच्या बाईनंही मान वर केली. चाचा समाधानानं मागं टेकले. मशीन अगदी ठीक होतं. मीच त्या दिवशी सकाळी त्यात नवा सेल घालून दिला होता.